चौघांच्या सहीचं जंगल

तिला सगळे धाकटी म्हणायचे. वय बासष्ट, डोक्यावर एक काळा केस शोधून सापडायचा नाही, गुडघे चढावर कुरकुरायचे, पण नाव धाकटीच. वर तीन भावंडं असली की माणूस पार म्हातारा झाला तरी धाकटाच राहतो, त्याला इलाज नाही. थोरला दादा, मग ताई, मग मधला भाऊ, आणि शेवटी ही. तिघं शिकली, पांगली, लांबलांबच्या शहरांत घरंदारं करून बसली. ही राहिली. कुणीतरी राहायला हवं म्हणून राहिली की हिला राहायचंच होतं, हे तिला कुणी कधी विचारलं नाही. आता विचारलं असतं तर तिलाही धड सांगता आलं नसतं.

घर दोन खोल्यांचं. मागचं दार उघडलं की सात एकर साग. वडिलांनी स्वतःच्या हाताने लावलेला, ही तिसरीत होती तेव्हा. आता सागाचं एक असतं, ते आधी सांगतो म्हणजे पुढचं कळेल. साग लावताना दाट लावायचा. दाट असला की झाडं उजेडासाठी सरळ वर जातात, आडव्या फांद्या फोडत बसत नाहीत. पण काही वर्षांनी त्यातली निम्मी काढावीच लागतात, पुढे उरलेल्यातली आणखी. याला विरळणी म्हणतात. नाही केली तर एकही झाड अंग धरत नाही, सगळ्या काठ्याच्या काठ्या उभ्या राहतात. लावायला काय, कुणीही लावतं. काढायचं कुठलं आणि ठेवायचं कुठलं, तिथे माणसाची अक्कल कळते.

वडिलांनी त्याची एक रीत घालून दिली होती. वर्षातून एक दिवस चारही पोरांना घेऊन ते जंगलात जायचे, हातात ओल्या चुन्याचा डबा. जे झाड काढावंसं वाटेल त्याच्या खोडावर छातीच्या उंचीला बोटाने रेघ ओढायची. चौघांच्या चार रेघा पडल्या तर झाडाला करवत. तीन पडल्या तर झाड वाचलं. "एकट्याच्या लहरीवर झाड पडायचं नाही," म्हणायचे. आणि करवतवाल्याला ताकीद होती की चार मोजल्याशिवाय हात लावायचा नाही. करवतवाला त्यांच्यासारखाच हट्टी. त्याने ती ताकीद अशी काही डोक्यात घेतली की वडील गेल्यावरही तो खोडाशी वाकून एक, दोन, तीन, चार असं मोठ्याने मोजायचा.

वडील गेले तेव्हा जमिनीच्या कागदावर चौघांची नावं लागली. एकत्र. कुणी म्हणालं वाटणी करून घ्या, तर दादा उसळला. "जंगल म्हणजे काय कापड आहे, टराटरा फाडून वाटायला?" सगळ्यांना ते फार पटलं. डोळे पुसत सगळ्यांनी माना हलवल्या. झाड तोडायचं तर वनखात्याचा परवाना लागतो आणि परवान्याच्या अर्जावर कागदावरच्या सगळ्या मालकांच्या सह्या लागतात, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं.

सुरुवातीची वर्षं छान गेली, खोटं कशाला बोला. खुणेच्या दिवसासाठी तिघंही यायची. आदल्या संध्याकाळी घर भरायचं, दोन खोल्यांत झोपायला जागा पुरायची नाही. सकाळी चुन्याचा डबा घेऊन चौघं निघायची. दादा पुढे, अंगठ्याने जाड रेघ ओढायचा, सही ठोकल्यासारखी. ताईची रेघ तिरकी, कारण ती निम्मं लक्ष बोलण्यात घालवायची. मधला डावरा, त्याची रेघ उलट्या बाजूला कललेली, आणि तीही सहजासहजी पडायची नाही. प्रत्येक झाडापाशी हा वकिली करणार. "हे का? याने काय घोडं मारलंय?" मग वाद, मग दादाचं ओरडणं, मग ताईचं हसणं. दुपारपर्यंत शंभर झाडंही व्हायची नाहीत. धाकटी वरवर चिडायची. पण तो एक दिवस तिला उरलेल्या तीनशे चौसष्टांना पुरायचा.

मग जे व्हायचं तेच झालं. दादाचे गुडघे गेले. ताईला नातवंडं झाली. ती दोघं निदान अर्जावर सही करून पोस्टाने पाठवायची. मधल्याने मात्र तेही बंद केलं.

"भाऊ, नुसती सही तरी पाठव," ती फोनवर म्हणायची.

"अगं, कशाला कापायचं? आहे तसं राहू दे ना. ते जंगल म्हणजे आपलं बालपण आहे."

बालपण म्हणे! विसाव्या मजल्यावर बसून बालपण सांभाळायला काय जातंय? उंटावरून शेळ्या हाकायला कुणाचीही तयारी असते. इथे झाडं एकमेकांच्या मानेवर पाय देऊन उभी होती, खाली गवताचं पातं उगवत नव्हतं, चाळीस वर्षांचं खोड दोन हातांच्या ओंजळीत मावत होतं. ते तिने त्याला सांगितलं. तो म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू."

ती कचेरीत गेली. कारकून चांगला माणूस होता, पण त्याच्या हातात काय होतं?

"तिघांच्या सह्या आहेत. चौथी?"

"तो करत नाही."

"मग वाटणी करून घ्या, बाई. तुमचा भाग वेगळा झाला की तुमची एकटीची सही चालेल."

"वाटणीला काय लागतं?"

कारकुनाने मान खाली घातली. "चौघांच्या सह्या."

ती हसली. तोही हसला. हसून काम होत असतं तर आणखी काय हवं होतं? आठ वर्षं अशीच गेली. भागीचं घोडं किवणानं मेलं म्हणतात, ते काही उगाच नाही. चार मालकांचं जंगल, आणि एक काडी हलवायची सोय नाही.

आठव्या वर्षी वादळ आलं. एका दुपारी तासाभरात एकतीस झाडं आडवी झाली. दाटीत वाढलेली उंच, बारीक झाडं ती, वाऱ्यापुढे टिकणार कशी? तिने दुसऱ्या दिवशी एकेक मोजलं. बरं, पडलेलं झाडसुद्धा परवान्याशिवाय बाहेर काढायचं नाही. झाडं जागेवर पडून राहिली, आणि दोन महिन्यांनी त्यांच्या सालीवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसायला लागली. खाली बारीक पिवळा भुसा. खोडकिडा. पडलेल्या लाकडात तो पोसतो आणि मग शेजारच्या उभ्या, दुबळ्या झाडांत शिरतो. वडिलांनी हे तिला लहानपणी दाखवलं होतं. पडलेलं लाकूड आणि किडलेली झाडं पुढच्या हंगामाआत बाहेर काढली तर जंगल वाचणार होतं. नाहीतर सात एकरांचं सरपण.

तिने मधल्याला फोन केला. रडत केला. कुणापुढे रडायची सवय नव्हती तिला, त्यामुळे नीट रडताही येईना.

"किडा लागलाय, भाऊ. सगळं जाईल."

"अगं, निसर्ग आहे तो. त्याचं तो बघून घेतो," मधला म्हणाला. वर आणखी, "मी एकदा येतो, मग ठरवू." आणि आला नाही.

तेव्हा तिने जे केलं ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. दुसऱ्या कुणी सरळ अर्जावर मधल्याची खोटी सही ठोकली असती. चोरी करायची तर निदान उपयोगाची तरी करावी की नाही? कागदावर खोटी सही करायची हिची हिंमत झाली नाही. पण करवतवाला कागद बघत नव्हता, चार रेघा बघत होता. हिने डब्यात चुना कालवला आणि एकटी जंगलात गेली.

किडक्या झाडापाशी उभी राहिली आणि आधी आपली रेघ ओढली. मग अंगठ्याने दादाची, जाड. मग ताईची, तिरकी. मग डावा हात चुन्यात बुडवून मधल्याची, उलट्या बाजूला कललेली. पहिल्या झाडाला डाव्या हाताची रेघ पुसून पुन्हा ओढावी लागली. दहाव्या झाडापर्यंत हात सरावला. विसाव्या झाडापाशी ती चक्क बोलायला लागली. "हे का? याने काय घोडं मारलंय?" आणि स्वतःच उत्तर द्यायची, "बघ ना भुसा, आंधळा आहेस का?" चार दिवस हे चाललं. त्या चार दिवसांत ती जेवढी बोलली तेवढी वर्षभरात कुणाशी बोलली नव्हती, आणि संध्याकाळी घरी येऊन हात धुताना तिला बरं वाटायचं. हे सांगायला तिला स्वतःलाच लाज वाटली असती, पण होतं ते असं होतं.

करवतवाला आला. वाकून एक, दोन, तीन, चार मोजलं. म्हणाला, "आली होती का मंडळी? मला दिसली नाहीत."

"येऊन गेली," धाकटी म्हणाली.

लाकूड निघालं, ट्रकवर चढलं आणि पहिल्याच नाक्यावर अडलं. परवाना कुठाय? परवाना नव्हता. वनपालाने पंचनामा केला, ट्रक जप्त केला आणि नियमाप्रमाणे चारही मालकांना पत्रं पाठवली. आपल्या सामाईक मालकीची ब्याण्णव झाडं आपल्या संमतीशिवाय तोडण्यात आली आहेत, आपलं म्हणणं कळवावं. झालं. शंभर फोनांनी जे झालं नव्हतं ते एका सरकारी पत्राने केलं. तिसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मधला दारात हजर.

तिला आधी आनंदच झाला. अहो, आठ वर्षांनी भाऊ दारात! तिने चहाला आधण ठेवलं. तो बूट न काढता घरातून सरळ मागच्या दाराने बाहेर पडला. ती आधण तसंच ठेवून त्याच्यामागून निघाली.

काही खूण केलेली झाडं अजून उभी होती. ट्रक अडला म्हणून तोडणी थांबली होती. मधला एका झाडापाशी थांबला. चार रेघा. त्याने चौथीवर बोट ठेवलं.

"ही कुणाची?"

ती पदराने हात पुसू लागली.

"सांग की. कुणाची आहे ही?"

"तुझी."

"मी ओढली?"

"नाही."

"डाव्या हाताने ओढलीस?"

"हो."

त्याने त्या रेघेवर आपला डावा हात टेकवून पाहिला. चिडला असता, ओरडला असता तर तिने तोंडाला तोंड दिलं असतं, तयारी होती तिची. पण त्याचा आवाज फाटला. "झाडं कापलीस त्याचं मला काही नाही गं. वाटेल तेवढी काप. पण मला न विचारता तू मला इथे उभं केलंस."

"विचारलं नाही? आठ वर्षं विचारतेय! कधी आलास?"

"आलो नाही, ते माझं मी बघीन! म्हणून तू माझा हात ओढणार?" तो वळला. "तुला माझ्याशिवाय चालतंय ना? मग कागदावर तरी नाव कशाला? काढून टाक."

"भाऊ, असं नाही रे..."

"काढून टाक म्हणतो ना. सगळं तुझ्या नावावर करून घे. मी सही करतो." आठ वर्षं जी सही मागून मिळाली नाही ती अशी पदरात पडली. तो दुपारच्याच बसने गेला. आधण आटून भांडं काळं झालं होतं.

त्याने हा विचार दादाला आणि ताईला सांगितला, आणि गंमत बघा, दोघांनाही तो एकदम पसंत पडला. महिन्याभरात हक्कसोडपत्राची तारीख ठरली. तिघांनी आपला हिस्सा धाकटीच्या नावे सोडायचा. मोठ्या गावातल्या नोंदणी कचेरीत चौघं जमली. काठी टेकत दादा आला, ताईला तिच्या मुलाने गाडीतून आणलं, मधला कोपऱ्यातल्या बाकावर बसून राहिला. किती वर्षांनी चौघं एका खोलीत होती. धाकटीने आदल्या दिवशीच घरी तीन अंथरुणं झाडून घातली होती, सहा माणसांचा स्वयंपाक झाकून ठेवला होता.

यंत्रावर अंगठे लागले, फोटो निघाले, सह्या झाल्या. सगळं मिळून वीस मिनिटं. दादा बाहेर येऊन पायरीवर बसला आणि मोठा श्वास सोडून म्हणाला, "सुटलो बघ. पोरांच्या डोक्याला ताप नको होता माझ्यामागे." त्याच्या तोंडावर खरंच सुटका दिसत होती. धाकटीला तीच फार लागली. भांडून घेतलं असतं, रडून दिलं असतं, तर चाललं असतं. इतक्या आनंदाने कुणी सोडेल असं तिला वाटलं नव्हतं.

"घरी चला ना," ती म्हणाली. "जेवण करून ठेवलंय."

"अगं, अंधाराच्या आत पोचायचंय," ताई म्हणाली. तिने धाकटीचा गाल कुरवाळला. "पुढच्या वेळी नक्की." मधला केव्हा गेला ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्या आठवड्यात धाकटी चार दिवस तेच जेवण गरम करून जेवली.

दंड भरून आधीचं प्रकरण मिटलं, आणि एकटीच्या नावावर कागद आल्यावर काम कसं सरसर झालं म्हणता! अर्ज दिला की आठवड्यात परवाना हातात. किडकं लाकूड पहिल्याच हंगामात बाहेर निघालं. मग तिने खरी विरळणी केली, तीन टप्प्यांत, वडिलांनी शिकवली तशी. कुंपणाच्या कडेने दहा हात रुंद पट्टा साफ केला, वणवा लागला तर आत शिरायला नको म्हणून. मोकळ्या जागी नवी रोपं घातली. ती रोपं तोडणीला येतील तेव्हा आपण नसणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी घातली. वनपाल स्वतः येऊन बघून गेला, इतरांना दाखवायला दोनदा माणसं घेऊन आला. दोन वर्षांत खाली ऊन पोचायला लागलं, गवत आलं, खोडं अंग धरू लागली. जंगल वाचलं. हे तिनेच वाचवलं, आणि कागद तिच्या नावावर झाला म्हणूनच वाचलं, यात काही वाद नाही.

फक्त खुणेचा दिवस आला की तिचं काम अडायचं. करवतवाल्याने विचारलं होतं, "आता किती मोजू?" ती म्हणाली, "एकच रे." त्याने मान डोलावली, पण एका रेघेवर करवत लावण्याआधी तो दर वेळी घरापर्यंत यायचा आणि खात्री करून जायचा. आणि ती स्वतः? एखाद्या झाडाभोवती तीनतीनदा फिरायची. हे काढू की ते? कुणी नाही म्हणायला नाही. कुणी "याने काय घोडं मारलंय" विचारायला नाही. काढलं काय, ठेवलं काय, सगळं बरोबरच. अशा वेळी तिला इतकं एकटं वाटायचं की ती डबा खाली ठेवून तिथेच पाचोळ्यात बसून राहायची.

तिसऱ्या वर्षी खुणेच्या दिवसाला आठवडा होता तेव्हा तिने दुपारी ताईला फोन लावला. इकडचं तिकडचं झालं. नातवंडं, गुडघे, दादाची साखर.

"ताई, येतेस का गं या वेळी? खुणेला?"

"अगं, आता माझं काय काम तिथे?" ताई हसली. "आता सगळं तुझंच ना? तुला कुणाला विचारायला नको, काही नको. मजा आहे बाई तुझी."

धाकटीने फोन दुसऱ्या कानाला घेतला. आणि मग तिच्या तोंडून निघून गेलं, कसं गेलं तिचं तिलाच कळलं नाही.

"अगं, कचेरीतून सांगितलंय. तुझी एक सही राहिलीय म्हणे."

"अगं बाई! कुठली?"

"एका कागदावर. राहून गेली होती. इथे येऊन करावी लागेल."

"थांब, थांब, घाबरू नकोस," ताई म्हणाली. तिचा आवाज एकदम काळजीचा झाला. ताई मनाने चांगलीच होती, पहिल्यापासून. "तुझं काम अडायला नको. यायची काही गरज नाही, आता पोस्टाने चालतं. तू कागद पाठवून दे, मी आल्या दिवशी सही करून परत पाठवते. आजच पाठव. पाठवतेस ना?"

"हो," धाकटी म्हणाली. "पाठवते."

तिने फोन ठेवला. मग उठली, कपाटातली जमिनीची फाईल काढली, टेबलावर ठेवली आणि पहिल्या पानापासून एकेक कागद उलटत गेली, कुठे ताईच्या सहीची जागा रिकामी राहिलीय का ते बघत. शेवटच्या कागदापर्यंत गेली. एकही जागा रिकामी नव्हती.